दूरदेशीचे बेत

आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, पण त्या प्रवासाची तयारी पाच वर्षं आधीच सुरू झाली होती. त्यांचे पती गोपाळराव यांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ते पत्र तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते १८८०मध्ये दंतवैद्याकडे बसल्या असताना वाचलं आणि आपणहून पत्र पाठवलं. पुढची तीन वर्षं या दोघी एकमेकींना चालीरीतींबद्दल, धर्माबद्दल, घरसंसाराबद्दल, आजारपणांबद्दल लिहीत राहिल्या. निघण्याच्या आधी, फेब्रुवारी १८८३मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो आहोत यावर इंग्रजीत भाषण केलं. इथे शिकण्याची सोय नाही का, एकटीच का जातेस, जातीबाहेर टाकलं तर काय करशील, या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचं स्थान आहे आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दूरदेशी जाण्याचा बेत कसा करावा याचा मराठीतला हा फार मोठा दाखला आहे. जिथे जायचं तिथल्या एका माणसाशी आधी ओळख, तिथल्या रोजच्या जगण्याची माहिती आणि जाण्याचं कारण चारचौघांसमोर उभं राहून सांगता येईल इतकं स्पष्ट, हे सगळं बोटीत पाऊल टाकण्यापूर्वी त्यांच्यापाशी होतं. गेल्या दीडशे वर्षांत मराठी माणसाच्या परदेशी जाण्याच्या वाटेतले अडसर एकामागून एक बदलत गेले. तो बदल इथे पाहायचा आहे. आणि एक आग्रहही धरायचा आहे: पैसा, कागदपत्रं आणि परवानग्या यांवर आपण जितकी मेहनत घेतो, तितकी ‘तिथेच का जायचं’ या प्रश्नावर घेत नाही, ती घ्यायला हवी.

सगळ्यात जुना अडसर समाजाचा होता. समुद्र ओलांडला की जात बाटते, हा समज एकोणिसाव्या शतकात केवळ तोंडी लावायला नव्हता. मुंबईचे सुधारक करसनदास मुळजी १८६३मध्ये इंग्लंडला जाऊन आले आणि त्यांना जातीचा बहिष्कार सोसावा लागला. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं की नाही, यावर घराघरांत वाद होत. म्हणून त्या काळी परदेशी जायचं ठरवणाऱ्याला तिकिटाच्या आधी आपल्या माणसांची समजूत काढावी लागे, आणि ती निघत नसेल तर त्यांच्यावाचून राहण्याची तयारी करावी लागे. अशा वातावरणात पंडिता रमाबाई १८८३मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६मध्ये अमेरिकेला. १८८९मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक काढलं. नावातच त्यांचा क्रम दिसतो: आधी लोकस्थिती, मग प्रवास. तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांचा त्यांनी अभ्यास मांडला आहे. परदेश पाहायचा तो असा, हे मराठी वाचकाला इतक्या लवकर सांगणारं पुस्तक आपल्याकडे आहे याचा मला अभिमान वाटतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अडसर सैल झाला आणि बेतांना वेगळंच बळ आलं. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८मध्ये पुरी केली. दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. महर्षी कर्वे १९२९च्या मार्चमध्ये परदेशी निघाले, तेव्हा सत्तरी ओलांडून एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. इंग्लंड, डेन्मार्क, अमेरिका, जपान अशी वर्षभराची फेरी त्यांनी केली. शिक्षणपरिषदांत भाग घेतला, आपल्या महिला विद्यापीठाची माहिती लोकांना दिली, निधी जमवला. परतल्यावर स्वस्थ न बसता त्याच कामासाठी आफ्रिकेचा दौरा केला. ‘आता या वयात कुठे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला कर्व्यांचा हा बेत सांगावासा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारचा अडसर उभा राहिला. देशाकडे परकीय चलन कमी होतं, म्हणून परदेशी फिरायला जाणाऱ्याला ते मोजून मिळे. ‘पी फॉर्म’ नावाच्या परवानगीवाचून तिकीट हाती पडत नसे. खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती त्या पिढीच्या प्रत्येक कुटुंबात ऐकायला मिळतात. पुढे निव्वळ फिरायला जाणाऱ्यांना काही वर्षांतून एकदा ५०० डॉलर मिळू लागले, तीच मोठी सवलत वाटे. पासपोर्टसुद्धा हक्काचा नव्हता. सरकारच्या मर्जीवर तो मिळे. १९६७मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क आणखी पक्का केला. चलनाची गाठ मात्र सुटायला २००० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी परकीय चलनाचा जुना कडक कायदा जाऊन ‘फेमा’ हा नवा कायदा आला. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. पन्नाशी उलटलेल्या वाचकाने ही वाट स्वतः पाहिली आहे, तरुण वाचकाला ती माहीत असावी.

त्या अडलेल्या वर्षांत मराठी मध्यमवर्ग परदेशी गेला तो मुख्यतः पुस्तकांतून. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ त्याही आधीचं, १९४०चं. युरोप आणि रशिया पाहून आलेल्या लेखकाचं ते पुस्तक मराठी प्रवासवर्णनाला नवं वळण देणारं ठरलं. गंगाधर गाडगीळांचं ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९चं, पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६०चं, मग अतिपूर्वेकडच्या देशांवरचं ‘पूर्वरंग’ आणि पुढे ‘जावे त्यांच्या देशा’. व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलिया पाहून आले आणि त्यांनी ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’ लिहिलं. मुलांच्या हाती भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. ही पुस्तकं वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना परदेश पाहायला मिळणार होता आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. तरी वाचनालयांत ती फाटेपर्यंत फिरली. मला वाटतं, या वाचकांनी एक मोलाची गोष्ट केली. जाण्याची शक्यता नसतानाही त्यांनी लंडनचे रस्ते, बालीचं नृत्य, जपानी बागा मनात बाळगल्या, आणि पुढच्या पिढीला परदेश म्हणजे केवळ नोकरी आणि पगार नव्हे हे घरबसल्या शिकवलं. ज्यांचं जाणं कधीच झालं नाही, त्यांचं हे स्वप्न पाहणं वाया गेलं असं कोणी म्हणू नये.

त्याच काळात आणि पुढेही पडद्याने परदेश दाखवला. १९६४च्या ‘संगम’ने लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड दाखवलं. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’नंतर स्वित्झर्लंड हे भारतीय जोडप्यांचं ठरलेलं ठिकाण झालं. ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख स्टेशनावर आज मराठी सहज कानांवर पडते. २०११च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ने स्पेनचं तेच केलं, आणि त्याला स्पेनच्या पर्यटन खात्याचं साहाय्य होतं. सिनेमा जागा दाखवतो, पण तिथल्या माणसांना पार्श्वभूमीवर ढकलतो. पुस्तकातला परदेश आणि पडद्यावरचा परदेश यांत मी पुस्तकाच्या बाजूने आहे.

मग टूरचा जमाना आला. १९८४मध्ये केसरी पाटील यांनी ‘केसरी टूर्स’ सुरू केली, २०१३मध्ये वीणा पाटील यांची ‘वीणा वर्ल्ड’ आली. सोबत मराठी बोलणारा टूर लीडर, जेवायला ओळखीचं अन्न आणि पन्नास माणसांचा गोतावळा, या सोयींमुळे इंग्रजी न येणाऱ्या, घराबाहेर एकट्याने कधी न पडलेल्या हजारो माणसांनी पहिल्यांदा विमान पाहिलं. फक्त बायकांसाठीच्या सहली निघाल्या, तेव्हा कित्येक जणी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी निघाल्या. स्वतःच्या हिमतीवर फिरणारे लोक टूरवाल्यांना नाक मुरडतात, ते मला अन्यायाचं वाटतं. माझा आक्षेप टूरवर नाही, बारा दिवसांत नऊ देश दाखवणाऱ्या वेळापत्रकावर आहे. त्यात पाहिलेल्यापेक्षा बसमधून मागे गेलेलंच जास्त असतं. शिवाय ग्राहक तेच मागतात म्हणून कंपन्या ते देतात, तेव्हा बदल ग्राहकाच्या मागणीतूनच व्हायला हवा.

आज आकडे वेगळंच काही सांगतात. २०२४मध्ये ३ कोटींहून जास्त भारतीय देशाबाहेर गेले. त्यांत नोकरीवाले, विद्यार्थी, नातलगांना भेटणारे सगळेच आले. २०२३-२४च्या आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेच्या २००४पासूनच्या त्या मुभेखाली भारतीयांनी निव्वळ प्रवासापोटी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर पाठवले. आठ डॉलरच्या देशाने इथवर मजल मारली आहे.

आता घोडं अडतं ते दुसऱ्यांच्या दारात. आपला समाज अडवत नाही, आपलं सरकार अडवत नाही, अडवते ती पाहुण्या देशाची वकिलात. युरोपचा शेंगेन व्हिसा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. एका शिक्क्यावर २९ देश फिरता येतात. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. फी प्रौढांना ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणारे लोक इथेच अडकतात. वकिलातीला मुळात एकाच गोष्टीची खात्री हवी असते: हा माणूस परत येईल ना. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीतलं रजेचं पत्र, हॉटेलची नोंद, दिवसवार आराखडा, सगळे कागद त्या एका प्रश्नाचं उत्तर असतात. खात्यात आदल्या आठवड्यात एकदम आलेली मोठी रक्कम फायद्याऐवजी शंका निर्माण करते. जो आराखडा खरोखर तुमचा आहे, जो तुम्ही स्वतः बसून केला आहे, तो कागदावर आपोआप सुसंगत उतरतो. २०२४पासून भारतीयांसाठी एक चांगली सोयही झाली आहे: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा आणि नंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. उलट बाजूला, थायलंड आणि मलेशियासारख्या देशांनी अलीकडे भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ दिलं, पण असे निर्णय मुदतीचे असतात आणि बदलतात. तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहावा. परदेशी टूरवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचे दरही गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, ते टूर कंपनीला विचारून घ्यावेत आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम आपल्या खात्यात धरायला विसरू नये.

व्हिसा नाकारला जाणं ही अनेकांना नामुष्की वाटते. रांगेत उभं राहून, बोटांचे ठसे देऊन, आपली सगळी मिळकत परक्या माणसापुढे मांडून मिळालेला नकार लागतोच. हा व्यवहार बरोबरीचा नाही, हे स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. त्या देशांचा नागरिक आपल्याकडे घरबसल्या ई-व्हिसा काढून येतो.

या सगळ्या खटपटीत एक सुखाची गोष्टही आहे आणि तिच्यावर शास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. १९८७मध्ये जॉर्ज लोवेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना विचारलं, आवडत्या सिनेतारकेचं चुंबन लगेच किंवा काही काळाने मिळणार असेल तर किती पैसे द्याल? लगेच मिळणाऱ्या चुंबनापेक्षा तीन दिवसांनी मिळणाऱ्याला विद्यार्थी जास्त पैसे द्यायला तयार होते. वाट पाहण्यालाच किंमत होती. २०१०मध्ये येरून नवाइन आणि सहकाऱ्यांनी १,५३० डच लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परतल्यावर दोघांत फारसा फरक उरला नव्हता, अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली त्यांचा. २०१४मध्ये अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि थॉमस गिलोविच यांनी दाखवलं की वस्तूची वाट पाहण्यापेक्षा अनुभवाची वाट पाहणं माणसाला अधिक सुखाचं वाटतं. वस्तूची वाट पाहताना अधीरपणा जास्त, अनुभवाची वाट पाहताना उत्साह जास्त.

यातून मी घेतो तो अर्थ असा. प्रवासाचा बराचसा आनंद निघण्याआधीच्या महिन्यांत असतो, आणि तो आपण एजंटच्या स्वाधीन करून टाकतो. वडील पैसे भरतात, घरच्यांना तारीख कळते, विमानतळावर सगळे भेटतात. त्याऐवजी वर्षभर आधी ठरवावं, घरातल्या प्रत्येकाने एक शहर वाटून घ्यावं, आजीने त्या देशाच्या जेवणाबद्दल वाचावं, शाळकरी मुलाने नकाशा काढावा. हे करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्या गप्पांत तो देश निघण्याआधीच येऊन बसलेला असतो. निवांत सुट्टीचा आनंदच तेवढा मागे टिकतो, हे कळल्यावर तरी आराखड्यात रिकामे दिवस ठेवायला हवेत.

बेतात सगळ्यात जास्त चुकतं ते ऋतूचं गणित. आपली सुट्टी मे महिन्याची नाहीतर दिवाळीची, म्हणून जगही मे महिन्यात नाहीतर दिवाळीत पाहायचं, असा आपला हिशेब. काही ठिकाणी तो बसतो. मे महिन्यात युरोपात हवा चांगली असते. पण उत्तर नॉर्वेत नाहीतर फिनलंडच्या उत्तर टोकाला ध्रुवीय प्रकाश पाहायचा असेल तर मे-जूनमध्ये तो दिसतच नाही, कारण रात्र काळी होतच नाही. त्यासाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ. टोकियो-क्योटोतला चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, म्हणजे आपल्याकडच्या परीक्षांच्या ऐन धामधुमीत. केनियातल्या मसाई मारात नू हरणांचे मोठे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. न्यूझीलंडला आपल्या मेमध्ये हिवाळा तोंडावर असतो. पेरूतल्या माचू पिचूला मे ते सप्टेंबर कोरडा ऋतू, आणि तिथवर चालत नेणारी इंका वाट दर फेब्रुवारीत बंद असते. अंटार्क्टिकाला पर्यटकांच्या बोटी नोव्हेंबर ते मार्च जातात, बहुतेक अर्जेंटिनातल्या उश्वायाहून. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना दोन दिवस आणि येताना दोन दिवस लागतात, आणि किनाऱ्यावर एका वेळी १००हून जास्त माणसांना उतरू देत नाहीत. म्हणून मोठ्या बोटीचं स्वस्त तिकीट घेण्याआधी ती बोट उतरू देते का, हे विचारावं.

काही बेतांची तारीख आकाशच ठरवतं. २ ऑगस्ट २०२७ रोजी दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा जाणार आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास पूर्ण अंधार सहा मिनिटांहून जास्त राहील, म्हणजे नेहमीच्या खग्रासाच्या दुप्पट-तिप्पट. ऑगस्टमध्ये तिथे आभाळ बहुधा निरभ्र असतं आणि उन्हाचा पारा चाळिशीच्या वर. कर्नाकच्या देवळाच्या गावी, नाईलच्या काठी असं ग्रहण पाहायला मिळणं ही पिढ्यांतून एकदा येणारी गोष्ट आहे. ज्यांना आकाशाची ओढ आहे, त्यांनी याचा बेत आधीपासूनच करावा, कारण हॉटेलं त्या आठवड्याची फार आधीपासून भरतात.

शरीराचाही बेत करावा लागतो आणि त्याकडे आपण शेवटच्या आठवड्यात वळतो. केनिया, पेरू अशा पीतज्वराच्या पट्ट्यातल्या देशांतून परत येताना भारतात लसीचा दाखला मागतात. लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. माचू पिचूपेक्षा जवळचं कुस्को शहर जास्त उंचावर आहे, सुमारे ३,४०० मीटरवर, तेव्हा विमानातून थेट तिथे उतरून पहिल्याच दिवशी धावाधाव करू नये. आणि गुडघे. युरोपातली जुनी शहरं दगडी फरशांची आणि जिन्यांची आहेत. ‘निवृत्त झालो की जाऊ’ असं म्हणून वीस वर्षं पुढे ढकललेला बेत गुडघ्यांपाशी थांबलेला मी किती घरांत पाहिला आहे. अण्णासाहेब कर्वे सत्तरीत निघाले हे खरं, पण ते रोज मैलोगणती चालणारे होते. एक मोठी सहल निवृत्तीनंतरसाठी राखण्यापेक्षा चाळिशीत एक, पन्नाशीत एक, अशी लहान सहलींची माळ मला शहाणपणाची वाटते.

मराठी घरांत परदेशाचा एक बेत वेगळा असतो. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात. नातवंड होणार असतं, आई-वडील निघतात. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा १० वर्षांचा मिळतो आणि एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. या मुक्कामात आई-वडील बाळ सांभाळतात, स्वयंपाक करतात आणि शनिवार-रविवारी कुठेतरी नेलं जातात. आमच्या ओळखीच्या एका काकू पाच महिने राहून आल्या आणि त्यांनी पाहिलेलं सगळं त्यांच्या मुलाच्या सोयीचं होतं. असा बेत करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: आई-बाबांना विचारा, त्यांना काय पाहायचं आहे. त्यांच्याही मनात चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलं एखादं शहर असतं. आणि त्यांचा वैद्यकीय विमा काढताना आधीच्या आजारांचा खर्च कितपत मिळतो हे बारकाईने वाचा, तिथला दवाखाना एका रात्रीत आयुष्यभराची पुंजी संपवू शकतो.

मग जायचं कुठे, आणि का? गर्दी आता सगळीकडेच आहे. व्हेनिसने २०२४च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवलं. क्योटोतल्या गिओन भागातल्या काही खासगी गल्ल्या त्याच वर्षी पर्यटकांना बंद झाल्या. दुसऱ्यांच्या यादीवरची दहा ठिकाणं पाहायची असतील तर दुसऱ्यांच्याच गर्दीत उभं राहावं लागणार. आपला स्वतःचा प्रश्न घेऊन निघालं तर वाट वेगळी निघते.

असे प्रश्न मराठी माणसापाशी भरपूर आहेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती १८७०-८०च्या दशकांत जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच आगीत जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. लंडनला जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असतं? आधी पत्र लिहून विचारलं तर संग्रहालयं उत्तर देतात. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही गणपती बसवतात. इस्रायलमध्ये बेने इस्रायली कुटुंबांतली जुनी माणसं मराठी बोलतात. फिलाडेल्फियात आनंदीबाई ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याची परंपरा आजच्या ड्रेक्सेल विद्यापीठात पोचते, आणि त्यांची पत्रं, छायाचित्रं तिथल्या संग्रहात आहेत. अर्थात प्रत्येक प्रश्न मराठीच असायला हवा असं मुळीच नाही. कुणाला चीजच्या कारखान्यात जायचं असेल, कुणाला आगगाड्यांत बसायचं असेल, कुणाला एकाच चित्रकाराची सगळी चित्रं पाहायची असतील.

मीना प्रभूंची पुस्तकं या बाबतीत वाटाड्या आहेत. लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या बाईंनी ‘माझं लंडन’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’, ‘इजिप्तायन’ अशी जाडजूड पुस्तकं लिहिली. एक देश घ्यायचा, त्याचा इतिहास आधी वाचायचा, मग तिथे भरपूर राहायचं आणि माणसांशी बोलायचं, अशी त्यांची पद्धत. एका देशावर एक पूर्ण पुस्तक होईल इतकं पाहणाऱ्या लेखिकेला मराठीत इतके वाचक मिळाले, यावरून सावकाश पाहण्याची भूक आपल्यात आहे हे दिसतं. आपल्या सहलींच्या आराखड्यांत तेवढी ती उतरत नाही.

शेवटी कामाचं. साध्या पद्धतीने ३६ पानांचा पासपोर्ट काढायला १,५०० रुपये लागतात आणि प्रौढांसाठी तो १० वर्षं चालतो. अनेक गावांत तो आता पोस्टातल्या केंद्रातही काढता येतो. अनेक देशांना प्रवासाच्या दिवशी त्याची सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी असते आणि काही पानं कोरी हवी असतात. घरात ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, विशेषतः आईकडे, तिचा अर्ज आधी भरा, आणि भरताना तिला विचारा की तिला कुठे जायचं आहे.